अमेरिकेतलं एसएलपी (स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे वाचा-भाषा उपचार) मास्टर्स: ४०० तासांबद्दल

कोणीतरी लिहिलंय की ह्या कोर्सला लागणारे ४०० क्लिनिकल तास म्हणजे दोन-तीन महिन्यांत उरकतात. अहो, आशाच्या (ASHA, सर्टिफिकेट देणारी तिथली संघटना) हिशोबात त्यातले २५ नुसते ऑब्झर्वेशनचे, उरलेले ३७५ पेशंटसमोर प्रत्यक्ष बसलेले लागतात. पाऊण तासाचं सेशन झालं की लॉगमध्ये तेवढाच पाऊण तास, मग त्याची तयारी न् रिपोर्ट लिहिण्यात अख्खी संध्याकाळ गेली तरी ती शून्य (आमच्या बॅचची सगळ्यात जास्त चिडचिड ह्यावरच व्हायची). त्या ३७५ मध्ये सिम्युलेशनचे (खऱ्या पेशंटऐवजी नकली केसवर केलेल्या कामाचे) ७५ पर्यंत चालतात, तेवढाच दिलासा. आणि दुसऱ्या ब्रँचमधून येणाऱ्यांनी स्टॅटिस्टिक्स वेगळा कोर्स म्हणून केलाय ना ते आधी बघा, डिपार्टमेंटचा रिसर्च मेथड्सचा पेपर त्याजागी धरत नाहीत, शिवाय फिजिक्स किंवा केमिस्ट्रीपैकी एक तरी लागतंच.