आईचे फोटो उघडेनात, खंडणीची चिठ्ठी आलीय

प्रश्न: घरच्या कॉम्प्युटरवर आईच्या सगळ्या फोटोंच्या नावापुढे 'डीजेव्हीयू' लागलंय. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. आई आता नाही, फोटो हवेतच. भरू का पैसे?

उत्तर: भरू नका, ताई. पैसे घेऊनही फाइली उघडायची किल्ली देतील याची खात्री नाही. आधी इंटरनेट तोडा, बाहेरची हार्डडिस्क काढा. फॉरमॅट करू नका! लॉक झालेल्या फाइली आणि चिठ्ठी, दोन्ही जपून ठेवा. हा 'स्टॉप' रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. चिठ्ठीतल्या पर्सनल आयडीच्या शेवटी 'टी१' असेल तर किल्ली ऑफलाइन, म्हणजे अनेकांसाठी एकच; ती सापडलेली असेल तर फोटो उघडतील, आशा आहे. एम्सिसॉफ्ट कंपनीचा डिक्रिप्टर (लॉक उघडणारा प्रोग्राम) फुकट मिळतो, 'नो मोअर रॅन्सम' या रॅन्समवेअरविरोधी मदतीच्या साइटवरूनच घ्या. उपाय सांगणाऱ्या व्हिडिओंखालच्या लिंका नकोत, त्यात आणखी व्हायरस असू शकतात.

दुसरं उत्तर: हा व्हायरस फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच बिघडवतो, त्यामुळे मोठे व्हिडिओ बऱ्याचदा दुरुस्त होतात. याच्यासोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो. बँकेचा, ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून आजच बदला.

प्रश्नकर्ती: शेवटी टी१ आहे! व्हायरस काढून डिक्रिप्टर लावते. बँकेचा पासवर्ड आत्ताच मोबाइलवरून बदलला.