वहीच्या फोटोवरून डिस्लेक्सिया? डेटा कसा विभागलात ते आधी सांगा

अक्षरगणित: 'वहीच्या पानाचा फोटो द्या, मूल डिस्लेक्सिक (वाचनात अडचण असलेलं) आहे का ते ९५ टक्के अचूक सांगतो' ही पाटीपेन्सिल यांची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. एकाच मुलाची काही अक्षरं ट्रेनिंगला (प्रोग्रामला शिकवायला) आणि काही टेस्टला (तो तपासायला) गेली, तर मॉडेल, म्हणजे शिकवलेला प्रोग्राम, त्या मुलाचं वळण पाठ करतं, अडचण ओळखत नाही. विभागणी मुलांनुसारच हवी. शिवाय हिशोब करा: १००० मुलांत ५० जणांना खरी अडचण आहे, आणि मॉडेल अडचण असलेली आणि नसलेली, दोन्ही मुलं ९० टक्के बरोबर ओळखतं. ४५ सापडतील, ५ निसटतील आणि अडचण नसलेल्या ९५ मुलांवर शिक्का बसेल!

पाटीपेन्सिल: शिक्का कसला? ही चाळणी आहे. १४० जणांची नीट तपासणी करायची, ८६० जणांची वाचते. आणि फोटोवरच का अडलात? २०१८च्या डिसग्राफियाच्या (लिहिण्यातल्या अडचणीच्या) अभ्यासात टॅबलेटवर लिहून घेतलं होतं. दाब, वेग, पेनाचा कल, सगळं मोजलं.

अक्षरगणित: त्याच अभ्यासाच्या पद्धतीवर २०१९मध्ये आक्षेप छापून आले, तेही वाचा.

शिरोरेखा: मुळात उलटं अक्षर म्हणजे डिस्लेक्सिया, हे कुणी ठरवलं? सहा-सात वर्षांपर्यंत कितीतरी मुलं अक्षरं उलटी काढतात. डिस्लेक्सिया वाचनातली अडचण आहे, अक्षर सुबक असूनही असते. प्रोग्रामने आरशासारखी फिरवलेली अक्षरं दाखवून शिकवलेलं मॉडेल फक्त आरसा ओळखतं. त्यात आपली लिपी! शब्द लिहून झाल्यावर शिरोरेघ, वेलांटीसाठी पुन्हा मागे. पेन हवेत राहण्याचा वेळ इथे वाढणारच. जोडून लिहिलेल्या रोमनवर शिकलेलं मॉडेल त्यालाच दोष म्हणेल.

पाटीपेन्सिल: लिपीवरच वाद घालत बसा! तोवर 'आळशी आहे, लक्ष देत नाही' हे ऐकत मूल चौथीत पोचतं. त्याचा राग कुणालाच येत नाही का?

शिरोरेखा: येतो, म्हणूनच चुकीचं यंत्र नको. देवनागरीत लिहिणाऱ्या मुलांचे वयानुसार नमुने आधी गोळा करा.

अक्षरगणित: चाळणी म्हणून वापरा, तेवढं मान्य. पण नक्कल (समोरचं पाहून लिहिणं) आणि श्रुतलेखन दोन्ही घ्या. नक्कल बरी आणि श्रुतलेखनात घसरण असेल, तर संशय शब्द आठवण्यावर किंवा ऐकण्यावर. दोन्हीकडे वळण बिघडत असेल तर हाताच्या हालचालीवर. नुसत्या फोटोतून हा फरक कळत नाही.

पाटीपेन्सिल: हे कालच लिहिलं असतंत तर भांडण झालंच नसतं. चाळणीत श्रुतलेखनही घालते.