नोवाक म्हणजे नवा आलेला: तुम्हाला हे आडनाव कुठे भेटलं?

प्लझेन, चेक प्रजासत्ताक (धागा उघडणारी)

आमच्या इमारतीच्या दारावर अकरा घंट्या आहेत. त्यातल्या तिघांवर एकच आडनाव आहे: नोवाक. सहा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा घरमालकांचा निरोप होता, 'किल्ली नोवाकांकडे ठेवली आहे.' दोन लहान मुलं, चार बॅगा, डिसेंबरची थंडी आणि आम्ही एकेक दार वाजवत वर चाललोय. किल्ली तिसऱ्या नोवाकांकडे निघाली. त्या आजोबांनी आधी मुलांना गरम चहा दिला, मग किल्ली. जिन्यात त्यांना 'मधमाश्यांवाले नोवाक' म्हणतात हे पुढे कळलं. आपल्याकडे निम्मं गाव पाटलांचं असलं की 'वरच्या आळीचे', 'विहिरीवाले' अशी ओळख लागते, अगदी तसंच.

अर्थही त्यांनीच सांगितला. चेकमध्ये 'नोवी' म्हणजे नवा. नोवाक म्हणजे गावात नव्याने येऊन राहिलेला. कुणी परमुलखातून आला, पडीक शेत कसायला घेतलं, गावाने त्याला 'नवा' म्हटलं. पुढे नातवंडं-पतवंडं तिथेच जन्मली तरी ते नाव सुटलं नाही. तीस वर्षांच्या युद्धात (1618 ते 1648) बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातली, गावंच्या गावं ओस पडली होती, त्यामुळे असे नवे येतच राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसऱ्या जोसेफच्या काळात आडनावं कायमची झाली आणि गावाने ठेवलेलं नाव वंशाला लागलं. आज देशात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच, बायका-पुरुष मिळून साठ हजारांच्या वर.

पहिलं वर्षभर जिन्यात आमचंही नाव 'ति नोवी' होतं, म्हणजे 'ते नवे'. म्हणून या आडनावावर माझा जीव आहे. तुम्हाला नोवाक कुठे भेटले? लिहा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

व्रोत्सवाफ, पोलंड

इकडे 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' लिहितात, उच्चार तोच. पोलंडमध्येही पहिला नंबर नोवाकांचाच, दोन लाखांच्या आसपास. नमुन्याच्या फॉर्मवर मात्र 'यान कोवाल्स्की' असतो. कोवाल म्हणजे लोहार.

माझ्या टीममध्ये चार नोवाक आहेत, दोन पुरुष आणि दोन बायका. कोवाल्स्कीची बायको कोवाल्स्का होते, त्यामुळे नुसत्या आडनावावरून निदान बाई की बुवा ते कळतं. नोवाक दोघांनाही तसंच राहतं. पूर्वी लग्न झालेल्या बाईला नोवाकोवा आणि लेकीला नोवाकुव्ना म्हणत, ते आता फारसं ऐकू येत नाही. पहिल्याच महिन्यात मी एका नोवाकबाईंच्या पगाराचा तपशील दुसऱ्या नोवाकबाईंना पाठवला. दोघींची जाऊन माफी मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, 'शाळेत मी वर्गातली तिसरी नोवाक होते, माझी वही कायम दुसरीकडे जायची.' तेव्हापासून मी मेल पाठवण्याआधी पहिलं नाव दोनदा वाचतो.

प्राग

मी स्वतःच नोवाकोवा आहे, माहेरची कुलकर्णी. आमचं लग्न 2019चं. मी परदेशी नागरिक असल्यामुळे 'ओवा' न लावण्याची मुभा मला होती, माझ्या चेक नणंदेला नव्हती. 1 जानेवारी 2022 पासून कायदा बदलला आणि आता कुठलीही बाई कारण न देता नुसतं 'नोवाक' घेऊ शकते. नणंदेने लगेच अर्ज केला. हा 'ओवा' मुळात मालकी दाखवणारा प्रत्यय, म्हणजे 'नोवाकची'. ती म्हणते, मी कुणाची 'ची' नाही. तिचं म्हणणं मला पटतं. तरी मी 'ओवा' ठेवला, कारण माझ्या आजीला सगळं गाव 'कुलकर्णीणबाई' म्हणायचं आणि त्या हाकेला ती ज्या तोऱ्यात ओ द्यायची तो मी पाहिला आहे.

त्रास होतो तो भारतात. नवरा नोवाक, मी आणि लेक नोवाकोवा. मुंबईत एका काउंटरवर प्रश्न आला, 'मुलीचं आणि वडिलांचं आडनाव वेगळं कसं?' लग्नाचा दाखला दाखवला, लेकीच्या जन्माचा दाखला दाखवला, मागे रांग वाढतेय, लेक रडतेय. शेवटी मी म्हटलं, 'साहेब, पाटील आणि पाटलीण, तसं आहे हो.' त्यांनी मान वर केली, 'असं होय!' म्हणाले आणि शिक्का मारला.

आणखी एक गंमत. चेकमध्ये हाक मारताना आडनावाचं रूप बदलतं: 'पाने नोवाकु!' माझे बाबा आयुष्यभर व्याकरण शिकवत आले. त्यांनी हे ऐकलं आणि फोनवरच ओरडले, 'अगं, ही तर संबोधन विभक्ती!' आता जावयाला ते 'नोवाकु' याशिवाय दुसरी हाक मारत नाहीत.

पुणे

मी भाषाशास्त्र शिकवतो, बाबांचा आनंद पोचला. यातलं 'नोव' आणि आपलं 'नव' ही एकाच मुळाची फळं आहेत. रशियन 'नोवी', पोलिश 'नोवी', लॅटिन 'नोवुस', संस्कृत 'नव', मराठी 'नवा'. चेक लोक वर्तमानपत्राला 'नोविनी' म्हणतात. पण वर्गात मुलांचे डोळे मोठे होतात ते पाली भाषेपाशी: नुकती दीक्षा घेतलेल्या भिक्खूला पालीत 'नवक' म्हणतात. प्रत्यय ज्याचे त्याचे असतील, पण विहारात नवा आलेला नवक आणि बोहेमियातल्या गावात नवा आलेला नोवाक हे शेजारी मांडले की मला अजून अंगावर काटा येतो.

याच मुळाचं 'नोवोत्नी' हेही चेक आडनाव आहे. 1998 साली विम्बल्डन जिंकलेली याना नोवोत्ना आठवत असेलच. जोकोविचचं 'नोवाक' मात्र आडनाव नाही, सर्बियात ते पाळण्यातलं नाव आहे. पूर्व जर्मनीतल्या लुझात्सियात सोर्ब नावाच्या स्लाव्ह लोकांचा नोवाक जर्मन तोंडी 'नोआक' झाला.

ल्युब्ल्याना, स्लोव्हेनिया

दोन ओळीच. इथेही पहिले नोवाकच, पण फॉर्मच्या नमुन्यावरही तेच: 'यानेझ नोवाक'. दुसऱ्या नंबरला होर्वात, म्हणजे क्रोएशियन. पहिला 'नवा आलेला', दुसरा 'शेजारून आलेला'.

कोल्हापूर

माझ्याकडे नोवाक नाही, पण 'नवे आलेले' आहेत. दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1948, आमच्या जवळच्या वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. वडील तेव्हा लहान होते, सायकलवरून दूध घालायला जायचे. पोलिश बायका त्यांना मोडक्या मराठीत 'उद्या ये' म्हणायच्या, हे ते शेवटपर्यंत सांगत. ती माणसं गेली आणि त्याच जागी फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली. आज ते गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. एका जागेवर दोनदा नवी माणसं उतरलेली आमच्या घराने पाहिली. व्रोत्सवाफच्या दादांनी तिकडे कुणी वळिवड्याची आठवण काढली तर मला जरूर कळवावं.

शिकागो

प्लझेनच्या ताई, तुमच्या गावाचं नाव आमच्या शहरात आहे! 'पिल्सेन' ही इथली वस्ती एकोणिसाव्या शतकात चेक लोकांनी वसवली आणि आपल्या गावाचं नाव दिलं. नंतर तिथे मेक्सिकन कुटुंबं आली. माझ्या शेजारच्या आजींचे पणजोबा त्या पहिल्या लोकांतले. इथे त्यांना 'नोवॅक' म्हणतात. अभिनेत्री किम नोवाक शिकागोचीच, 1933चा जन्म, घराणं मूळचं चेक. स्टुडिओला तिचं आडनाव बदलायचं होतं, तिने बदलू दिलं नाही. आजींना तो किस्सा फार प्रिय आहे. मी त्यांना या आडनावाचा अर्थ सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग आतून पणजोबांचा फोटो घेऊन आल्या आणि मला खुर्ची दिली.

प्लझेन (धागा उघडणारी)

सगळं वाचून नवऱ्यालाही ऐकवलं. प्रागच्या ताई, तुमचं पाटलीणबाईंचं उत्तर मी पाठ करून ठेवलंय, आम्हाला लागेलच कुठेतरी. परवा लेकीने विचारलं, फराळाच्या डब्यावर अख्ख्या कुटुंबाचं नाव कसं लिहायचं? ते 'नोवाकोवी' असं होतं. तिने तिन्ही डब्यांवर तेच लिहिलं आणि खाली मजला. मधमाश्यांवाल्या आजोबांच्या डब्यात चार चकल्या जास्त ठेवल्या.