कुजक्या मतदारसंघांतून बर्क आला, हेही सांगा की!

जुनाबाजार : 1832 पूर्वीच्या ब्रिटिश पार्लमेंटला 'कुजक्या मतदारसंघां'वरून (मतदार मूठभर, तरी खासदार पाठवणारी गावं) शिव्या घालणं सोपं आहे. ओल्ड सेरमला वस्ती उरली नव्हती, मतदार बोटांवर मोजण्याइतके, तरी खासदार दोन. डनिच बंदराचा बराचसा भाग समुद्राने गिळला होता, त्याचेही दोन. मँचेस्टरला स्वतःचा एकही नाही. सगळं कबूल. पण खासदार आणि विचारवंत एडमंड बर्कचं बघा. 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने तोंडावर सांगितलं की मी तुमचा निरोप्या नाही, स्वतःच्या बुद्धीने मत देणार. 1780 मध्ये तिथे हार दिसू लागली तेव्हा माघार घ्यावी लागली. मग माल्टन ही लॉर्ड रॉकिंगहॅमच्या खिशातली, म्हणजे तो ठरवेल तोच निवडून येईल अशी, जागा कामी आली. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर महाभियोग चालवला तो माल्टनच्या खासदाराने! धाकटा विल्यम पिटही केंब्रिज विद्यापीठाच्या जागेवर आपटला, 1781 मध्ये ॲपल्बी या एका बड्या जमीनदाराच्या जागेवरून आत आला, आणि 24व्या वर्षी पंतप्रधान.

तिखटमीठ : दोन हिरे दाखवून अख्खी खाण विकताय राव. आणि हिऱ्यांवरून आठवलं, ओल्ड सेरम विकत घेणारा थॉमस ऊर्फ 'डायमंड' पिट कोण? हिंदुस्थानच्या व्यापारात गबर झालेला, पुढे मद्रासचा गव्हर्नर. त्याचा नातू थोरला पिट 1735 मध्ये त्याच ओल्ड सेरममधून खासदार झाला. तुमचा धाकटा पिट त्याचाच मुलगा. याला आपण इकडे घराणेशाही म्हणतो. बरं, 1785 मध्ये अशा 36 गावांच्या जागा काढून घेण्याचं विधेयक आणलं कोणी? याच धाकट्या पिटने. सभागृहाने ते पाडलं. तुम्ही ज्याची साक्ष काढता तोच तुमच्या विरुद्ध.

जुनाबाजार : विधेयक मांडण्याइतका तरी तो आत पोचला ना? मॅकॉलेही 1830 मध्ये काल्नहून, लॉर्ड लॅन्सडाउनच्या मेहेरबानीने आला आणि निवडणूक सुधारणेच्या बाजूने गाजलेली भाषणं करून गेला.

तिखटमीठ : आणि असल्या बऱ्याच जागा रद्द करणारा 1832 चा सुधारणा कायदा झाल्यावर? लीड्सला स्वतःचे खासदार मिळाले, त्यांतला एक मॅकॉले. धन्याविना, खुल्या निवडणुकीत निवडून आला की!

गिरगावकर : दोघांच्या मध्ये पडतो. 1832 नंतरही साध्या कामगाराला मत नव्हतंच, आणि मतदान 1872 पर्यंत उघड, म्हणजे मालकाच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे 'खुली निवडणूक' हा शब्द जरा जपून वापरा. पण आमच्या एल्फिन्स्टनचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी? 1886 मध्ये लंडनच्या होबर्नला हरले. 1888 मध्ये पंतप्रधान सॉल्सबरी म्हणाला की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देणार नाहीत. 1892 मध्ये लंडनच्याच फिन्सबरीने दादाभाईंना निवडून दिलं. कुठला लॉर्ड त्यांना आपली जागा देणार होता?

जुनाबाजार : पाच मतांनी, गिरगावकर! आणि 1895 मध्ये त्याच मतदारांनी घरी पाठवलं.

गिरगावकर : पाच असोत. माल्टनला तर बर्कसाठी एकट्या रॉकिंगहॅमची मर्जी पुरली होती.

तिखटमीठ : +1. आणि 1895 सांगताय तर पूर्ण सांगा. त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचेरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून निवडून आले, तेही सॉल्सबरीच्याच पक्षाकडून.