बास्केटबॉलवर लिहायला बसलं की पानावर फक्त स्कोअरच का उतरतो?

नववी_वही

बाराव्या वर्षापासून बास्केटबॉल बघतेय, आता एक्केचाळीस पूर्ण होतील. शाळा-कॉलेजात पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी म्हणून खेळले. पुढे खेळणं सुटलं, बघणं नाही सुटलं. मॅच संपली की वहीत दोन पानं लिहायची ही जुनी सवय आहे, सध्या नववी वही चालू आहे.

गेल्या आठवड्यात पहिल्या वहीपासून सगळं वाचून काढलं आणि फार वाईट वाटलं. काही मॅचेसना माझी छाती कशी धडधडत होती ते मला आजही आठवतं. पानावर मात्र असं: ‘तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांनी १२ गुणांची आघाडी घेतली. शेवटी यजमानांनी जोरदार पुनरागमन केलं.’ जोरदार म्हणजे कसं? कोणी केलं? वाचून मलाच काही दिसेना.

क्रिकेटवर लिहिणाऱ्याला दोन चेंडूंच्या मधे श्वास घ्यायला तरी मिळतो. इथे रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत उसळलेला बॉल) हातात येईपर्यंत सगळे दुसऱ्या टोकाला पळालेले असतात. तुमच्यापैकी जे लिहितात ते नेमकं काय टिपतात? मला छापून वगैरे यायचं नाहीये. वही उघडली की ती मॅच मला परत दिसायला हवी, एवढंच.

जुना_सेंटर

अहो, तुमचं ते ‘जोरदार पुनरागमन’ माझ्याही वह्यांमध्ये पानोपानी आहे. तीसेक वर्षं लिहितोय, त्यातली पहिली दहा तशीच गेली.

माझी चूक कुठे होत होती ते सांगतो. मी बॉलच्या मागे पळत होतो. कोर्टवर दहा जण असतात, बॉल एकाकडे. तो शॉट कसा मिळाला हे बहुतेक वेळा बाकीचे नऊ ठरवतात, आणि माझ्या लिखाणात हे नऊ जण नसायचेच. मग एकदा ठरवलं की एक अख्खा क्वार्टर बॉलकडे बघायचंच नाही. एका सेंटरवर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) नजर लावून बसलो, कारण मीही सेंटरच खेळायचो. बारा मिनिटांत त्याच्या हातात बॉल दोनदा आला. स्क्रीन (म्हणजे अंग मधे घालून बचावपटूची वाट अडवणं) किती वेळा लावला ते मोजायला घेतलं आणि मोजणं विसरून बघतच राहिलो. धक्का बसायच्या आधी तो दोन्ही मनगटं पोटाशी आवळून धरायचा, हनुवटी खाली घ्यायचा. धक्का बसायचा, त्याच्या मागून शूटर मोकळा सुटायचा आणि टाळ्या शूटरला पडायच्या. तोवर हा वळून बोर्डखाली पोचलेला असायचा, शॉट चुकला तर असावं म्हणून. त्या रात्री चार पानं लिहिली. स्कोअर लिहायचा राहून गेला, तो आजतागायत त्या पानावर नाही.

बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे मॅचनंतरच्या आकड्यांच्या तक्त्यातून काय निसटतं ते बघायचं तर एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) १९७० च्या फायनलची सातवी मॅच घ्या. निक्स विरुद्ध लेकर्स, ८ मे. पाचव्या मॅचमध्ये निक्सच्या विलिस रीडच्या मांडीचा स्नायू फाटला. सहावीत तो नव्हता, तर समोर लेकर्सच्या विल्ट चेंबरलेनने ४५ गुण केले. सातवी सुरू व्हायच्या जरा आधी रीड लंगडत कोर्टवर आला. पहिले दोन शॉट त्याने टाकले, दोन्ही आत गेले. त्यानंतर त्याची एकही बास्केट नाही. कागदावर त्याचे गुण ४, आणि निक्सच्याच वॉल्ट फ्रेझियरचे ३६, शिवाय १९ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट झाली असे पास). निक्स ११३–९९ ने जिंकले. माझं मत विचाराल तर फायनलच्या सातव्या मॅचमध्ये फ्रेझियरइतकं चौफेर फार कमी जण खेळलेत, आणि त्याला त्याचं श्रेय पुरेसं मिळालं नाही. तरीही लोक तिला रीडची मॅच म्हणतात, कारण बघणाऱ्यांनी ते लंगडत येणं सांगून ठेवलं, लिहून ठेवलं.

बोस्टन सेल्टिक्सचा सेंटर बिल रसेल, त्याचं तर आणखी विचित्र. तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं, सगळी बचावाच्या जोरावर. पण एनबीएने ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, आणि रसेल १९६९ लाच निवृत्त झालेला. त्याच्या अधिकृत आकडेवारीत ब्लॉकचा रकानाच नाही! तो बॉल प्रेक्षकांत भिरकावण्याऐवजी अलगद टॅप करून कोर्टातच ठेवायचा, म्हणजे आपलाच कोणीतरी तो घेऊन पळेल. थोडंफार चित्रण उपलब्ध आहे, बाकीचं आपल्यापर्यंत आलं ते पाहिलेल्या माणसांच्या शब्दांतून. मला लिहावंसं वाटतं ते यामुळेच. आजही मोजलं न जाणारं कितीतरी कोर्टवर घडत असतं, आणि मी ते पाहिलेलं असतं.

आता करायचं काय ते. अख्खी मॅच लिहू नका, एक पझेशन निवडा, म्हणजे बॉल एका संघाकडे असतो तेवढा वेळ. ते फार तर २४ सेकंदांचं, तेवढ्यात शॉट टाकावाच लागतो (मधे ऑफेन्सिव्ह रिबाउंड झाला, म्हणजे चुकलेला शॉट परत त्याच संघाला मिळाला, तर थोडं लांबेल). त्या २४ सेकंदांसाठी आपण सिराक्यूज नॅशनल्स संघाचा मालक डॅनी बियासोन याचे आभार मानले पाहिजेत. त्याआधी आघाडी मिळाली की संघ बॉल धरून बसायचे. १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९–१८ असं हरवलं, आणि हा पूर्ण मॅचचा स्कोअर आहे! बियासोनचा हिशेब साधा होता: ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, रंगतदार मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट, भागाकार करा. १९५४ पासून हे २४ सेकंदांचं घड्याळ आलं. मला तर ते लिहिणाऱ्यांसाठीच केल्यासारखं वाटतं. एक पझेशन, एक परिच्छेद.

टेबलवरचा

सेंटरसाहेबांचं बरंचसं पटलं, पण आकड्यांना इतकं बाजूला सारू नका. मी स्थानिक स्पर्धांमध्ये स्कोअर टेबलवर बसतो. माझ्यासमोरच्या शीटवर नुसत्या खुणा असतात, आणि कुठे बघायचं ते बऱ्याचदा त्या खुणाच सांगतात.

चेंबरलेनची १०० गुणांची मॅच घ्या. २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. हजर प्रेक्षक ४१२४. टीव्हीवर नव्हती, चित्रण कुठेच नाही. हार्वी पोलॅक हा एकच माणूस त्या रात्री चेंबरलेनच्या तेव्हाच्या संघाची प्रसिद्धी सांभाळत होता, आकडे मांडत होता आणि बाहेर बातमीही पाठवत होता. चेंबरलेनच्या हातातला तो ‘१००’ लिहिलेला कागद त्यानेच लिहून दिला. नऊ वर्षांचा असताना तो फोटो पहिल्यांदा बघितला आणि मला खेळाडूपेक्षा त्या कागदाचंच जास्त आकर्षण वाटलं. टेबलवर बसायची ओढ तिथून लागली.

आता त्या रात्रीचे आकडे वाचा. मैदानी शॉट ६३ पैकी ३६, हे मोठं आहेच. पण फ्री थ्रो (फाऊलनंतर रेषेवरून कोणी न अडवता टाकायचे शॉट) ३२ पैकी २८! त्या मोसमात त्याचे शंभरातले जेमतेम ६१ फ्री थ्रो आत जात होते, आणि तो दोन्ही हातांनी खालून, पायांच्या मधून बॉल उचलून टाकायचा. हा आकडा वाचला नसता तर मला वाटलं असतं की त्या रात्री सगळं रिंगजवळच घडलं. खरं तर त्या रेषेवर तो बत्तीस वेळा एकटा उभा राहिला, वर्षभर जिथे त्याचा हात डळमळायचा तिथेच. लिहायला घेतलं तर मी तिथून सुरुवात करेन. म्हणून ताई, आधी शीट वाचा, खटकणारा आकडा शोधा आणि मग आठवा.

नववी_वही

दोघांचेही मनापासून आभार. रात्री जागून एक पझेशन लिहिलं. २०१३ ची फायनल, सहावी मॅच, स्पर्स विरुद्ध हीट. आकडा घेतला ५.२ सेकंद (शॉट आत गेला तेव्हा घड्याळात उरलेले), नजर ठेवली फक्त हीटच्या रे ॲलनच्या पायांवर. इथे टाकतेय, स्पष्ट सांगा.

‘तो क्षण कोणीही विसरू शकणार नाही असा होता. हीट तीन गुणांनी मागे. मालिकेत स्पर्स ३–२ ने पुढे, करंडक द्यायच्या तयारीची पिवळी दोरी कोर्टाच्या कडेला आलेली, कारण ही मॅच गेली की करंडकच जाणार होता. लेब्रॉनचा शॉट चुकला. स्पर्सचा टिम डंकन बेंचवर होता, रिबाउंड हीटच्या बॉशच्या हाताला लागला. त्याच क्षणी ॲलन रिंगकडे तोंड करून मागे मागे जायला लागला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. खाली बघितलंच नाही. सदतीस वर्षांच्या त्या पायांनी हा कोपरा सरावात इतक्या वेळा गाठलेला होता की रेषा कुठे आहे ते डोळ्यांना विचारायची गरज नव्हती. पास आला तेव्हा पायाची बोटं तीन गुणांच्या रेषेच्या मागे होती आणि टाचा बाहेरच्या रेषेच्या आत. स्पर्सचा पार्कर धावत अंगावर आला. बॉल सुटला. ९५–९५.’

ओव्हरटाइममध्ये हीट १०३–१०० ने जिंकले, पण ते लिहावंसं वाटलं नाही. तेव्हा मी स्पर्सच्या बाजूची होते, खूप रडले होते. लिहिताना मात्र पहिल्यांदाच त्याच्या पायांचं प्रेम वाटलं.

जुना_सेंटर

पहिलं वाक्य काढा. बाकी एका अक्षराला हात लावू नका. आणि डंकन बेंचवर बसून काय करत होता, तेही कधीतरी लिहा. तुम्ही स्पर्सच्या आहात, तुम्हालाच ते जमेल.