मदत हवी आहे: बाबा, कच्ची लसूण आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

बाबा ६८ वर्षांचे. ८ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (या दोन रक्त पातळ करायच्या), बीपीची गोळी आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू. महिन्याभरापूर्वी सोसायटीच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की रोज अनशापोटी लसणीच्या ५ पाकळ्या गिळल्या की ब्लॉकेज विरघळतं. तेव्हापासून हा नेम. छातीत जळजळ होतेच, पण चार दिवस झाले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय. आणि पुढच्या गुरुवारी दाढ काढायची आहे!

काही बोललं की, "लसूण काय औषध आहे? जन्मभर खातोय." चातुर्मास सोडला तर खरंच जन्मभर खातोय आम्ही. म्हणून मला वादात मुद्दाच सापडत नाही. परवा तर म्हणाले, "लसणीनेच रक्त पातळ होतंय, तर गोळी कशाला?" तेव्हा मात्र पोटात गोळा आला. यात कितपत तथ्य आहे? त्यांना समजवायचं कसं?

खलबत्ता:
आधी सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर थेट हार्ट अटॅक. आणि हिरड्यांतून रक्त येतंय हे हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, गुरुवारची वाट बघू नका.

मी औषधांच्या दुकानात बसते, हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. लसणीत गुण आहेतच. वाढलेलं बीपी थोडंफार उतरतं असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. कोलेस्टेरॉलचं मात्र तितकं खरं नाही. २००७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९२ जणांना ६ महिने कच्ची लसूण, लसणीच्या गोळ्या नाहीतर नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी दिली, एलडीएलमध्ये (वाईट कोलेस्टेरॉलमध्ये) म्हणण्यासारखा फरक पडला नाही. साचलेलं ब्लॉकेज विरघळणं तर सोडाच.

रक्ताच्या बारीक चकत्या (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटून गुठळी होते; त्या चिकटू न देणं हे लसूणही थोडंफार करते आणि बाबांच्या रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्याही करतात. म्हणजे एकावर एक. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी आठवडा-दहा दिवस जास्तीची लसूण बंद करायला सांगतात. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना गोळ्या आणि लसूण, दोन्ही सांगा.

पातीचा_कांदा:
गंमत म्हणजे अख्खी गिळून उपयोगही धड नाही. लसणीतल्या ज्या अ‍ॅलिसिन या द्रव्याचा एवढा गवगवा, ते पाकळीत तयार नसतं. ठेचली, चावली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि मग ते बनतं, तो उग्र वास त्याचाच. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवावी, मग फोडणीला घालावी. बाबांच्या वाट्याला आली ती नुसती जळजळ.

काढा_आणि_चाटण:
बाबांचा आयुर्वेदावर विश्वास असेल तर तिथूनच सांगा. काश्यपसंहितेत लसणीवर अख्खा अध्याय आहे, म्हणजे आपल्याकडे तिचं कौतुक कमी नाही. पण ती उष्ण आणि तीक्ष्ण. पित्ताच्या माणसाने जपून खावी आणि रक्तपित्तात, म्हणजे शरीरातून रक्त जात असताना, वर्ज्य.

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलले. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या, कच्ची लसूण आजपासून बंद, उद्या दाखवायला बोलावलंय. दाढेचं ते बघितल्यावर ठरवतील. बाबांना स्टॅनफर्ड मुळीच पटलं नाही. रक्तपित्त म्हटल्यावर मात्र लसणीची वाटी निमूटपणे स्वयंपाकघरात आणून ठेवली. आता रुसून विचारतायत, आमटीला लसणीची फोडणी तरी चालेल ना?

खलबत्ता:
घरच्या आमटीत चार माणसांत दोन-तीन पाकळ्या पडतात, तेवढ्याने सहसा बिघडत नाही. तरी उद्या जाताच आहात तर विचारून घ्या. आणि लसणीच्या कॅप्सूल कुठे दडवून ठेवल्या नाहीत ना, तेही बघा.