अनुभव धागा : ती घराबाहेर पडली, मग सोबत कोण होतं?

घरात मारहाण कशी झाली हे इथं पुन्हा लिहायची गरज नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ज्यांना खरं वाटत नाही त्यांना शंभर अनुभव वाचूनही वाटणार नाही. पुढचं सांगा. रात्री कुठं झोपली? ठाण्यात कोण सोबत गेलं? पोरांच्या शाळेचं कुणी बघितलं? बीड, लातूर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, धाराशिव, संभाजीनगर, कुठूनही लिहा. जिनं सोसलं तिनं, आणि मदतीला गेलेल्यांनीही. पुरुषांनी जरूर लिहावं, फक्त सल्ले नकोत. गावाचं, ठाण्याचं, माणसांचं नाव टाळा. प्रकरणं चालू आहेत. आणि आत्ता जिवाला धोका असेल तर लिहीत बसू नका, 112 किंवा 181 लावा.

ऊसतोड कामगार, बीड जिल्हा

आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आधी टोळीचा मुकादम उचल, म्हंजी आगाऊ पैसा, देतो ती दोघांच्या मेहनतीवर, पण पैसा पडतो गड्याच्या हातात. म्हणून कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, कितीबी मार बसला तरी बाई निघत नाही. ती निघाली की कोयता मोडला, आन मुकादम उचल मागाया तिच्या बापाच्या दारात.

मह्या धाकट्या जावंचं असंच चाललं होतं. मी सासरकडची, म्हणून घरात मह्या बोलण्याला किंमत नव्हती. पण फडात होती. टोळीतल्या आम्ही बायका एक झालो आन मुकादमाला म्हणलं, हिला अर्धा कोयता धर, ही आमच्यासंगं तोडील, हिची कोपी आमच्या कोपीला लागून राहील. त्याचा हिशेब त्याच्यासंगं, हिचा हिच्यासंगं. मुकादम म्हणला, घरच्या भानगडीत मला पाडू नका. मग आम्हीबी म्हणलं, उद्या गाडी भरायची का नाही ते आम्ही ठरवू. त्याला गाडी कारखान्यावर पोचवायची होती. ऐकलं त्यानं. बाईचा कळवळा आला म्हणून नाही, हे मला ठाऊक आहे, पण काम झालं.

त्या मोसमात कारखान्याकडच्या एका वकीलबाईनं सांगितलं, की घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली बाई जिथं तात्पुरती राहती तिथल्या कोर्टातबी अर्ज करता येतो. आम्हाला वाटायचं, गावी गेल्याबिगर काहीच होत नाही.

आता स्वतःची खानावळ चालवते, लातूर

आमची बैठक बसली ती मारुतीच्या पारावर. दोन्हीकडचे भाऊबंद, गावातले चार मोठे. शंभराच्या बाँडवर फारकत लिहिली : एकमेकांवर काही हक्क नाही, पोटगी मागणार नाही. मी सही केली. नाही म्हणायची हिंमत तिथं कुणाची झाली असती? मी त्या बैठकीत एकटी बाई होते, आणि मला बसायला सांगितलं ते मागं, चपलांजवळ.

पुढं बराच काळ मी स्वतःला मोकळी समजत होते. आमच्या बचतगटाचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंनी तो कागद पाहिला आणि मला कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत नेलं. तिथं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवेच्या 1987 च्या कायद्यानं. वकीलबाईंनी बाँड वाचला आणि बाजूला ठेवला. कोर्टाच्या हुकमाशिवाय ही फारकत नव्हे, म्हणाल्या, आणि पोटगी सोडली असं लिहून दिलं म्हणून मागायचा हक्क जात नाही. तिकडं नवऱ्यानं दुसरीशी संसार थाटलेला होता, त्याच कागदाच्या जोरावर. म्हणजे फसलेल्या बाया दोन. त्या दुसरीचा मला राग येत नाही. कुणी तिच्याशीही बोलायला हवं होतं.

बैठकीतल्या त्या चौघांपैकी एकजण आता माझ्याकडंच जेवतो. मी त्याच्याकडून पैसे आगाऊ घेते.

भाऊ, नांदेड जिल्हा

वडील वारल्यावर वारस लावताना सगळे म्हणाले, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या, रीतच आहे. आमच्या हिनंच अडवलं. म्हणाली, ताईंना त्या घरात काय भोगावं लागतंय ते दिसतंय ना, मग सातबाऱ्यावरचं नाव काढून त्यांनी कुठं जायचं? बहीण वर्षाच्या आत लेकरांना घेऊन आली. शेतातल्या आखाड्यावरच्या दोन खोल्यांत राहते, तिच्या वाट्यात सोयाबीन-तूर घेते. ती कुणाच्या उपकारावर नाही, तिचं नाव आहे. लोक भावजयीला नावं ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

समुपदेशक, मराठवाड्यातलाच एक जिल्हा

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, घेतात, नवऱ्याला 'समज' देतात आणि दोघांना एकाच गाडीवर घरी पाठवतात. त्या रात्री काय होत असेल याचा विचार कुणी करत नाही. एनसीखेरीज दुसरा रस्ता आहे. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, ते घरगुती घटना अहवाल भरतात आणि तो दंडाधिकाऱ्यांपुढं जातो. त्यावर संरक्षणाचा, राहत्या घरात राहू देण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश मिळू शकतो, गरज असेल तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश होतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवऱ्याकडून, सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं पूर्वीचं कलम 498-अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85 झालंय, तो फौजदारी मार्ग वेगळा. दोन्ही मार्ग एकत्रही चालतात.

कायद्यात लिहिलंय, अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा. बाई थकते ती इथं. तिला वकिलाइतकीच गरज असते तारखेला सोबत बसणाऱ्या बाईची. जिच्यासोबत कुणी येतं, ती तारीख सहसा चुकवत नाही. हे माझं निरीक्षण, आकडे विचारू नका.

आजी, परभणी (नातीनं लिहून घेतलं)

मला लेक मारायचा. पेन्शनच्या पैशासाठी. लोक म्हणत, पोटच्या पोराविरुद्ध कुठं जाती. आशाताईनं सांगितलं, आईलाबी हा घरगुती हिंसाचाराचा कायदा लागतो. गेले. आता तो शेजारच्या गल्लीत राहतो, मी मह्या घरात.

जालना

सगळं गोडगोड लिहिलं जातंय म्हणून माझंही. माझ्या बचतगटानं मला परत जायला सांगितलं. कारण कर्जाचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जायचा आणि मी निघाले तर गटाचं रेकॉर्ड बिघडलं असतं. अध्यक्षा माझी मैत्रीण होती. बायका एकत्र आल्या की आपोआप बाईच्या बाजूनं उभ्या राहतात, असं समजू नका.

मदत केली ती माहेरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी. सासरच्या शाळेतून दाखला मिळेना. बापाला घेऊन या म्हणत होते. सर म्हणाले, आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा आहे, पोरांना उद्या पाठवा. दाखला मागून घ्यायचं कामही त्यांनीच पत्र लिहून केलं. माझ्या प्रकरणाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

धाराशिव जिल्हा, आता इतरांसोबत जाते

वरच्या ताईंना विचारायचं होतं, गटातून नाव काढलं का? आमच्याकडं एकीनं कर्ज वेगळं करून घेतलं, तसं बोलून बघा.

माझं थोडक्यात. मी एकल बायकांच्या संघटनेत आले तेव्हा माझ्याकडं नेसत्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. म्हणून आता कुणी भेटली की आधी कागद बाहेर काढायला सांगते. आधार, पोरांचे जन्मदाखले, पासबुक, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स. सगळं एकदम नाही, एकेक करून शेजारणीकडं नेऊन ठेवायचं. मार लागला तर सरकारी दवाखान्यात 'पडले' म्हणायचं नाही, कुणी मारलं ते डॉक्टरला सांगायचं, म्हणजे एमएलसी होते, मारहाणीची पोलिसी कामाची नोंद. दागिने सासरी राहिले तरी स्त्रीधन परत द्यायचा आदेश कोर्टाकडून मागता येतो, त्यापायी पुन्हा त्या घरात एकटीनं जाऊ नये.

आणि भेट ठेवायची आठवडी बाजाराच्या दिवशी. पिशवी घेऊन बाई घराबाहेर पडली तर त्या दिवशी कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नाही.